आवरबॅक करंडक : मान गौरवाचा, आसन अस्थिर

२५ जून २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे 'एनबीए'चा, म्हणजेच अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशनचा, वार्षिक पुरस्कार सोहळा पार पडला. वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून ड्वेन केसी यांचे नाव जाहीर झाले. त्या हंगामात त्यांच्या टोरँटो रॅप्टर्स संघाने साखळीतील ८२ पैकी ५९ सामने जिंकले होते. संघाच्या इतिहासातील ती तोवरची सर्वोत्तम कामगिरी होती. मात्र करंडक हाती आला तेव्हा केसी हे रॅप्टर्सचे प्रशिक्षक राहिलेच नव्हते. बाद फेरीत क्लीव्हलंडकडून सलग चार सामन्यांत हार पत्करावी लागल्यानंतर ११ मे रोजीच संघव्यवस्थापनाने त्यांना नारळ दिला होता. सोहळ्याच्या दिवशी ते डेट्रॉइट पिस्टन्स या दुसऱ्याच संघाशी करारबद्ध झालेले होते.

ही घटना विलक्षण असली तरी अपवादात्मक नाही. बास्केटबॉल प्रशिक्षकासाठी जगातील सर्वांत मानाच्या समजल्या जाणाऱ्या या पुरस्काराचा सहा दशकांचा इतिहास पाहिला, तर गौरव आणि गच्छंती यांची गाठ त्यात वारंवार पडलेली दिसते. त्याचे कारण पुरस्काराच्या स्वरूपातच दडलेले आहे. हा मान सर्वोत्तम प्रशिक्षकाचा म्हणून ओळखला जात असला, तरी प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा अपेक्षेहून अधिक यश मिळवणाऱ्या प्रशिक्षकाच्या वाट्याला येतो.

नऊ संघांच्या लीगमधील आरंभ

एनबीएची स्थापना १९४६ साली वेगळ्या नावाने झाली आणि १९४९ पासून ती सध्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९५५-५६ च्या हंगामापासून दिला जाऊ लागला. प्रशिक्षकाच्या पुरस्कारासाठी मात्र १९६२-६३ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वेळी लीगमध्ये अवघे नऊ संघ होते. आज ही संख्या ३० आहे.

पहिला मान सेंट लुइस हॉक्सचे हॅरी गॅलॅटिन यांना मिळाला. आदल्या हंगामात ८० पैकी केवळ २९ सामने जिंकणाऱ्या हॉक्सने त्यांच्या मार्गदर्शनाखाली ४८ विजय मिळवले. दुसऱ्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सचे अलेक्स हॅनम मानकरी ठरले. त्यांचा संघही ३१ विजयांवरून ४८ विजयांवर पोहोचला होता. या दोन्ही वर्षी अजिंक्यपद पटकावले ते रेड आवरबॅक यांच्या बोस्टन सेल्टिक्सने. तरीही मतदारांचा कौल खालून वर आलेल्या संघांच्या प्रशिक्षकांना मिळाला. पुरस्काराची पुढील सहा दशकांची दिशा या पहिल्या दोन निवडींतच स्पष्ट झाली होती.

बास्केटबॉलमधील प्रशिक्षकाचे महत्त्व समजून घेण्यासाठी या खेळाची रचना ध्यानात घ्यावी लागते. क्रिकेटमध्ये मैदानावरील बहुतांश निर्णय कर्णधार घेतो. बास्केटबॉलमध्ये ते काम प्रशिक्षकाचे असते. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो. मैदानात एका वेळी पाच खेळाडू असतात आणि खेळाडू बदलण्यावर संख्येचे बंधन नसते. कोणाला किती मिनिटे खेळवायचे, प्रतिस्पर्ध्याच्या बिनीच्या खेळाडूला कोणी रोखायचे, खेळ थांबवून विश्रांती केव्हा मागायची आणि अखेरच्या क्षणी चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, हे सारे प्रशिक्षक ठरवतो. साहजिकच पराभवाचे खापरही सर्वप्रथम त्याच्याच डोक्यावर फुटते.

करंडकाला नाव देणारा माणूस

विजेत्याला दिला जाणारा करंडक १९६७ पासून रेड आवरबॅक यांच्या नावाने ओळखला जातो. १९५० मध्ये बोस्टन सेल्टिक्सची सूत्रे हाती घेणाऱ्या आवरबॅक यांनी १९५७ ते १९६६ या दहा वर्षांत संघाला नऊ अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांपैकी शेवटची आठ सलग होती. विजय निश्चित झाला की बाकावर बसल्या बसल्या सिगार शिलगावण्याची त्यांची सवय प्रेक्षकांच्या परिचयाची होती आणि प्रतिस्पर्ध्यांच्या संतापाचे कारणही होती.

आज एनबीए संघाच्या प्रशिक्षकाभोवती सहायकांचा मोठा ताफा असतो. आवरबॅक यांच्या काळी अशी व्यवस्था नव्हती. सराव घेणे, डावपेच आखणे, नवे खेळाडू हेरणे आणि त्यांच्याशी करार करणे ही सर्व कामे ते स्वतः पाहत. कृष्णवर्णीय खेळाडूंना लीगची दारे खुली करण्यातही त्यांचा वाटा मोठा होता. १९५० मध्ये चक कूपर यांच्या रूपाने खेळाडू निवड प्रक्रियेतून प्रथमच एका कृष्णवर्णीय खेळाडूची निवड सेल्टिक्सने केली. १९६६ मध्ये प्रशिक्षकपदावरून निवृत्त होताना आवरबॅक यांनी बिल रसेल यांच्याकडे संघाची धुरा सोपवली. रसेल हे एनबीएचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

नऊ अजिंक्यपदे मिळवणाऱ्या आवरबॅक यांना हा पुरस्कार मात्र एकदाच, १९६४-६५ मध्ये, मिळाला. त्यांची पहिली पाच अजिंक्यपदे पुरस्कार सुरू होण्यापूर्वीची होती, हे खरे. तरीही पुरस्कार सुरू झाल्यानंतरच्या चार हंगामांत चारही अजिंक्यपदे त्यांचीच असताना तीन वेळा अन्य प्रशिक्षकांची निवड झाली. करंडकाला ज्याचे नाव आहे, त्यालाच तो मिळवणे किती कठीण गेले, हे यावरून दिसते.

मतदानाची पद्धत

विजेत्याची निवड क्रीडापत्रकार आणि समालोचक करतात. अलीकडच्या वर्षांत मतदारांची संख्या सुमारे शंभर राहिली आहे. प्रत्येक मतदार पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पसंतीची नावे देतो. त्यांना अनुक्रमे ५, ३ आणि १ असे गुण मिळतात. सर्वाधिक गुण मिळवणारा प्रशिक्षक विजयी ठरतो.

या पद्धतीतील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे मतदानाची वेळ. साखळी सामने संपताच आणि बाद फेरीला रंग चढण्यापूर्वी मते नोंदवली जातात. बाद फेरीत त्याच प्रतिस्पर्ध्याशी सलग सात सामन्यांपर्यंत गाठ पडते. तेथे प्रशिक्षकाच्या डावपेचांची खरी कसोटी लागते, असे जाणकार मानतात. परंतु या कसोटीतील यशापयशाचा पुरस्काराशी काहीही संबंध नसतो. संघमालक मात्र याच कसोटीवर प्रशिक्षकाचे भवितव्य ठरवतात. मतदाराचा निकष एक आणि मालकाचा निकष दुसरा, ही या पुरस्कारातील मूळ विसंगती आहे.

२०१७ ते २०१९ या तीन वर्षांत सर्व पुरस्कार हंगाम संपल्यावर जून महिन्यात एकाच सोहळ्यात जाहीर करण्याची प्रथा होती. त्यामुळे ही विसंगती अधिकच उघडी पडली. केसी यांच्यावर ओढवलेला प्रसंग हे त्याचेच उदाहरण होय.

या पुरस्काराव्यतिरिक्त एनबीए प्रशिक्षकांची संघटनाही २०१७ पासून स्वतंत्र पुरस्कार देते. त्यासाठी तीसही संघांचे मुख्य प्रशिक्षक मतदान करतात. २०१८ मध्ये या समव्यावसायिकांनीही केसी यांनाच पसंती दिली होती. हा निर्णय त्यांच्या बडतर्फीच्या अवघे दोन दिवस आधी जाहीर झाला होता.

मोजमाप अपेक्षांचे

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाबद्दल काही अंदाज बांधले जातात. तो अंदाज आणि प्रत्यक्ष विजय यांतील अंतर जितके मोठे, तितकी पुरस्काराची शक्यता अधिक. याचे सर्वांत ठळक उदाहरण जॉनी कर यांचे आहे. १९६६-६७ मध्ये शिकागो बुल्स हा संघ लीगमध्ये नव्याने दाखल झाला. त्याने ३३ सामने जिंकले आणि ४८ गमावले. तरीही पदार्पणातच बाद फेरी गाठल्याबद्दल कर यांची निवड झाली. जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने अधिक असतानाही हा मान मिळवणारे ते एकमेव प्रशिक्षक आहेत.

१९९९-२००० मधील निवडही अशीच बोलकी आहे. ऑर्लँडो मॅजिकने नावाजलेले खेळाडू सोडून दिले होते आणि संघ तळाला जाईल असे मानले जात होते. प्रथमच मुख्य प्रशिक्षक झालेल्या डॉक रिव्हर्स यांनी ४१ विजय आणि ४१ पराभव अशी बरोबरी साधली. बाद फेरीत प्रवेश थोडक्यात हुकला, पण पुरस्कार त्यांनाच मिळाला. त्याच हंगामात फिल जॅक्सन यांच्या लॉस एंजेलिस लेकर्सने ६७ सामने जिंकले आणि पुढे अजिंक्यपदही पटकावले.

ह्यूबी ब्राऊन यांची कथा अधिक हृद्य आहे. १९७८ मध्ये अटलांटा हॉक्सचे प्रशिक्षक असताना त्यांना हा मान मिळाला होता. त्यानंतर अनेक वर्षे ते दूरचित्रवाणीवर समालोचन करीत राहिले. २००२ मध्ये दुबळ्या मेम्फिस ग्रिझलीज संघाने त्यांना पाचारण केले. २००३-०४ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांनी २८ विजयांवरून संघाला ५० विजयांवर नेले आणि इतिहासात प्रथमच बाद फेरी गाठून दिली. पहिल्या पुरस्कारानंतर २६ वर्षांनी त्यांना दुसरा पुरस्कार मिळाला.

बुडणारे जहाज तरते ठेवणाऱ्यांचीही दखल मतदारांनी घेतली आहे. करीम अब्दुल-जब्बार निवृत्त झाल्यानंतरच्या १९८९-९० च्या हंगामात लेकर्सने ६३ सामने जिंकले आणि पॅट रायली यांना पहिला पुरस्कार मिळाला. २०१९ च्या अजिंक्यपदानंतर टोरँटोचा आधारस्तंभ क्वाय लेनर्ड संघ सोडून गेला. तरीही दुसऱ्या वर्षी संघाचा दबदबा कायम राखणारे निक नर्स २०१९-२० चे मानकरी ठरले.

अपेक्षा हाच निकष असल्याचा सर्वांत भक्कम पुरावा आकडेवारीत आहे. १९६२-६३ ते २०२४-२५ या ६३ हंगामांत एकाही प्रशिक्षकाला हा पुरस्कार सलग दोन वर्षे मिळवता आलेला नाही. एकदा अपेक्षा उंचावल्या की तीच कामगिरी पुढच्या वर्षी सामान्य वाटू लागते. मतदारांना वाटते तशीच ती मालकांनाही वाटते.

अजिंक्यपद आणि पुरस्कार यांची फारकत

एकाच हंगामात अजिंक्यपद आणि सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान असा दुहेरी योग २०२४-२५ पर्यंत केवळ सहा वेळा जुळून आला. १९६५ मध्ये आवरबॅक, १९७० मध्ये न्यूयॉर्क निक्सचे रेड होल्झमन, १९७२ मध्ये लेकर्सचे बिल शारमन, १९९६ मध्ये बुल्सचे फिल जॅक्सन आणि २००३ व २०१४ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सचे ग्रेग पोपोविच हे त्याचे धनी होत. शारमन यांच्या संघाने त्या वर्षी सलग ३३ सामने जिंकण्याचा विक्रम केला होता. सामन्याच्या दिवशी सकाळी हलका सराव घेण्याची त्यांनी रूढ केलेली पद्धत पुढे सर्वच संघांनी स्वीकारली. जॅक्सन यांच्या बुल्सने ८२ पैकी ७२ सामने जिंकून नवा उच्चांक नोंदवला होता.

जॅक्सन यांच्या नावावर एकूण ११ अजिंक्यपदे आहेत. कोणत्याही एनबीए प्रशिक्षकाच्या तुलनेत ही संख्या सर्वाधिक आहे. त्यांना पुरस्कार मात्र एकदाच मिळाला. मायकेल जॉर्डन, शकील ओ'नील, कोबे ब्रायंट यांच्यासारखे खेळाडू हाताशी असताना जिंकण्यात नवल ते काय, असा विचार मतदारांनी केला असावा. पॅट रायली यांनी प्रशिक्षक म्हणून पाच अजिंक्यपदे मिळवली आणि लेकर्स, निक्स व मायामी हीट या तीन वेगवेगळ्या संघांसाठी तीन पुरस्कारही मिळवले. तीन संघांबरोबर हा मान मिळवणारे ते एकमेव आहेत. परंतु या दोन गोष्टी त्यांना एकाही वर्षी एकत्र साधता आल्या नाहीत. याउलट डॉन नेल्सन यांनी तीनदा हा पुरस्कार पटकावला. साखळी सामन्यांतील १३३५ विजयांचा त्यांचा विक्रम मार्च २०२२ मध्ये पोपोविच यांनी मोडेपर्यंत टिकून होता. पण प्रशिक्षक म्हणून त्यांच्या वाट्याला एकही अजिंक्यपद आले नाही.

पुरस्कारापासून वंचित राहिलेल्यांची यादीही तितकीच वजनदार आहे. एनबीएच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२२ मध्ये इतिहासातील १५ सर्वश्रेष्ठ प्रशिक्षकांची नावे जाहीर करण्यात आली. त्यांपैकी चक डेली, के. सी. जोन्स, जॅक रॅमसे, जेरी स्लोन आणि एरिक स्पोलस्ट्रा या पाच जणांना २०२४-२५ पर्यंत हा मान एकदाही मिळालेला नव्हता. स्लोन यांनी १९८८ ते २०११ अशी दोन तपांच्या जवळपास युटा जॅझची धुरा वाहिली आणि संघाला दोनदा अंतिम फेरीत नेले. संघ वर्षानुवर्षे उत्तम खेळत राहिला. त्यामुळे त्याने कधी कोणाला चकित केले नाही. सातत्य हाच त्यांचा गुण पुरस्काराच्या आड आला, असे म्हणता येईल. स्पोलस्ट्रा यांचा सन्मान समव्यावसायिकांनी केला. प्रशिक्षकांच्या संघटनेचा पहिला पुरस्कार २०१७ मध्ये त्यांना माइक डी'अँटोनी यांच्यासह विभागून देण्यात आला. त्या हंगामात पहिल्या ४१ सामन्यांत अवघे ११ विजय मिळवणाऱ्या मायामीने उरलेल्या ४१ पैकी ३० सामने जिंकले होते.

श्रेय कोणाचे?

संघाच्या यशात प्रशिक्षकाचा वाटा नेमका किती, हा प्रश्न या पुरस्काराच्या पाठीशी कायम उभा राहिला आहे. १९७९-८० मध्ये बिल फिच यांनी बोस्टनला २९ विजयांवरून ६१ विजयांवर नेले आणि दुसऱ्यांदा पुरस्कार पटकावला. मात्र त्याच वर्षी लॅरी बर्ड नावाचा नवखा खेळाडू बोस्टनमध्ये दाखल झाला होता. हेच बर्ड १९९७ मध्ये प्रशिक्षणाचा कोणताही अनुभव नसताना इंडियाना पेसर्सचे प्रशिक्षक झाले. संघ ३९ विजयांवरून ५८ विजयांवर गेला आणि पहिल्याच हंगामात त्यांना करंडक मिळाला. खेळाडू म्हणून तीनदा सर्वोत्तम ठरलेल्या बर्ड यांना २०१२ मध्ये सर्वोत्तम व्यवस्थापकाचा पुरस्कारही मिळाला. हे तिन्ही मान मिळवणारे ते एकटेच.

२०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ सामने जिंकून बुल्सचा विक्रम मोडला आणि स्टीव्ह कर सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. प्रत्यक्षात पाठीवरील शस्त्रक्रियेनंतर उद्भवलेल्या त्रासामुळे कर पहिल्या ४३ सामन्यांना हजर नव्हते. त्या काळात सहायक प्रशिक्षक ल्यूक वॉल्टन यांनी संघ सांभाळला आणि ३९ सामने जिंकून दिले. नियमानुसार हे विजय कर यांच्या नावावर जमा झाले. वॉल्टन पुढे सॅक्रामेंटो किंग्जचे मुख्य प्रशिक्षक झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या 'एनएससीआय' डोममध्ये झालेल्या एनबीएच्या भारतातील पहिल्या सामन्यांसाठी ते संघासह मुंबईत आले होते.

श्रेय हुकल्याची सर्वांत चटका लावणारी कहाणी जॅक मॅकिनी यांची आहे. १९७९ मध्ये ते लेकर्सचे प्रशिक्षक झाले. मॅजिक जॉन्सन या तरुण खेळाडूच्या वेगाला वाव देणारी आक्रमक शैली त्यांनी संघात रुजवली. १३ सामने झाले होते आणि त्यांपैकी नऊ लेकर्सने जिंकले होते. अशा वेळी सहायक पॉल वेस्टहेड यांच्याबरोबर टेनिस खेळण्यासाठी सायकलवरून जाताना मॅकिनी पडले. डोक्याला गंभीर दुखापत झाली. संघाची सूत्रे वेस्टहेड यांच्याकडे गेली आणि १९८० मध्ये लेकर्सने अजिंक्यपद पटकावले. मॅकिनी यांना त्यांचे पद परत मिळाले नाही. पुढल्या हंगामात ते इंडियाना पेसर्सकडे गेले. एनबीएमध्ये आल्यापासून एकदाही बाद फेरी न गाठलेल्या या संघाला त्यांनी ती गाठून दिली आणि १९८०-८१ चा करंडक मिळवला. अजिंक्यपदाने दिली नाही ती दाद निदान या पुरस्काराने त्यांना दिली.

कृष्णवर्णीय प्रशिक्षकांच्या दृष्टीनेही या दादेचे मोल मोठे होते. बिल रसेल यांनी १९६८ आणि १९६९ मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून अजिंक्यपदे मिळवली, पण त्यांना हा मान मिळाला नाही. १९७३-७४ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सला ५२ विजय मिळवून देणारे रे स्कॉट हे पुरस्काराचे पहिले कृष्णवर्णीय विजेते ठरले. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, हंगाम सुरू असतानाच त्यांनाही पद गमवावे लागले.

गौरवानंतरची गच्छंती

विजेत्याला पदावरून दूर करण्याची परंपरा पुरस्काराइतकीच जुनी आहे. १९६५-६६ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉल्फ शेज यांनी साखळीत बोस्टनपेक्षा एक विजय अधिक मिळवला आणि मान पटकावला. बाद फेरीत मात्र बोस्टननेच त्यांना नमवले आणि शेज यांची उचलबांगडी झाली. त्यांच्या जागी आलेल्या हॅनम यांनी पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाला अजिंक्यपद मिळवून दिले. १९९१ चे विजेते डॉन चेनी यांना ह्युस्टन रॉकेट्सने दुसऱ्याच हंगामात हटवले. त्यांचे वारसदार रुडी टॉमजॅनोविच यांनी १९९४ आणि १९९५ ची अजिंक्यपदे जिंकली. २००२ चे मानकरी रिक कार्लाइल यांना डेट्रॉइटने २००३ मध्ये निरोप दिला आणि २००४ मध्ये लॅरी ब्राऊन यांच्या मार्गदर्शनाखाली डेट्रॉइट अजिंक्य ठरले. अशा उदाहरणांमुळे संघमालकांच्या कठोरपणाला एक प्रकारचे समर्थन मिळत गेले.

२००६ ते २००९ या काळातील सलग चार विजेत्यांचे भवितव्य सारखेच ठरले. डॅलसचे एव्हरी जॉन्सन, टोरँटोचे सॅम मिचेल, न्यू ऑर्लिन्सचे बायरन स्कॉट आणि क्लीव्हलंडचे माइक ब्राऊन या चौघांनाही पुरस्कारानंतर सुमारे दोन वर्षांच्या आत पद सोडावे लागले. यांपैकी जॉन्सन यांच्या डॅलसने २००६-०७ मध्ये साखळीत ६७ सामने जिंकले. पण बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात गोल्डन स्टेटने त्यांना गारद केले. गोल्डन स्टेटचे प्रशिक्षक होते डॅलसचेच माजी प्रशिक्षक डॉन नेल्सन. २०१३ मध्ये डेन्व्हरचे जॉर्ज कार्ल यांना पुरस्कार मिळाल्यावर महिनाभरातच नारळ मिळाला. २०२२ चे मानकरी मॉन्टी विल्यम्स यांना फिनिक्सने वर्षभरात दूर केले. त्यानंतर डेट्रॉइटने त्यांच्याशी सहा वर्षांचा भरभक्कम करार केला. पण सलग २८ पराभवांची नामुष्की ओढवलेल्या एकाच हंगामानंतर तोही संपुष्टात आला.

या मालिकेतील एका प्रकरणाचा धागा मुंबईशी जुळतो. सॅक्रामेंटो किंग्जची मालकी २०१३ पासून मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे यांच्या नेतृत्वाखालील समूहाकडे आहे. सलग १६ हंगाम हा संघ बाद फेरीपासून दूर राहिला होता. लीगच्या इतिहासातील तो सर्वांत दीर्घ दुष्काळ होता. २०२२ मध्ये माइक ब्राऊन यांची नेमणूक झाली आणि पहिल्याच हंगामात संघ ३० विजयांवरून ४८ विजयांवर गेला. २०२३ मध्ये सर्वच्या सर्व मतदारांनी ब्राऊन यांना पहिली पसंती दिली. पुरस्काराच्या इतिहासातील ही पहिली एकमुखी निवड होती. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये १३ विजय आणि १८ पराभव अशी स्थिती असताना किंग्जनेही त्यांना पदमुक्त केले. पुढे जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क निक्सने त्यांना पाचारण केले. निक्सने नुकतेच काढून टाकलेले टॉम थिबोडो हेही दोन वेळचे विजेते होते. त्यांनी संघाला २५ वर्षांनंतर प्रथमच पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत नेले होते.

पुरस्काराचे खरे मोल

मग या मानाला अर्थ तो काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २०२५ च्या बाद फेरीत शोधता येते. त्या वर्षी इंडियाना पेसर्सने अनपेक्षितपणे अंतिम फेरीत धडक मारली. या वाटचालीत त्यांनी आधी मिलवॉकीला, मग क्लीव्हलंडला आणि त्यानंतर न्यूयॉर्कला नमवले. या तीन संघांचे प्रशिक्षक होते अनुक्रमे डॉक रिव्हर्स, त्याच वर्षीचे मानकरी केनी अॅटकिन्सन आणि टॉम थिबोडो. तिघेही पुरस्कारविजेते. अंतिम फेरीत सात सामन्यांच्या झुंजीनंतर पेसर्सला रोखले ते ओक्लाहोमा सिटी थंडरने आणि त्यांचे प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट हे २०२४ चे विजेते होते. खुद्द पेसर्सचे प्रशिक्षक होते रिक कार्लाइल. २००२ मध्ये पुरस्कार मिळवून वर्षभरात डेट्रॉइटने ज्यांना घरी पाठवले, ते हेच कार्लाइल. मधल्या काळात, २०११ मध्ये, त्यांनी डॅलसला अजिंक्यपद मिळवून दिले होते.

मतदारांची नजर अगदीच चुकीची नसते, असा याचा अर्थ. ज्यांच्या हाताला गुण आहे, त्यांना मतदार बहुतेक वेळा वेळेआधी ओळखतात. फक्त त्या गुणाला फळ येण्यासाठी लागणारा अवधी त्याच संघात मिळेल, याची हमी करंडक देत नाही. रिव्हर्स यांना ऑर्लँडोने २००३ मध्ये काढून टाकले आणि २००८ मध्ये त्यांनी बोस्टनला अजिंक्यपद मिळवून दिले. ओक्लाहोमा सिटीने डेगनॉल्ट यांना हा अवधी दिला. त्यांच्या पहिल्या दोन हंगामांत संघ तळाशी रेंगाळत असूनही व्यवस्थापनाने धीर सोडला नाही. पाचव्या हंगामात अजिंक्यपद हाती आले.

दृष्टिक्षेपात पुरस्कार

- प्रारंभ : १९६२-६३ चा हंगाम. पहिले विजेते हॅरी गॅलॅटिन.
- करंडक : रेड आवरबॅक करंडक. नामकरण १९६७.
- सर्वाधिक वेळा विजेते : डॉन नेल्सन, पॅट रायली, ग्रेग पोपोविच. प्रत्येकी तीन वेळा (२०२४-२५ पर्यंत).
- दोन वेळचे विजेते : बिल फिच, जीन शू, कॉटन फिट्झसिमन्स, ह्यूबी ब्राऊन, माइक डी'अँटोनी, माइक बुडेनहोल्झर, टॉम थिबोडो, माइक ब्राऊन.
- दोन पुरस्कारांतील सर्वांत मोठे अंतर : २६ वर्षे, ह्यूबी ब्राऊन (१९७८ व २००४).
- पहिले कृष्णवर्णीय विजेते : रे स्कॉट, डेट्रॉइट पिस्टन्स, १९७३-७४.
- पहिली एकमुखी निवड : माइक ब्राऊन, सॅक्रामेंटो किंग्ज, २०२२-२३.
- अजिंक्यपद व पुरस्कार एकाच हंगामात : सहा वेळा, पाच प्रशिक्षक (२०२४-२५ पर्यंत).